चहा, गप्पा आणि नाटक

‘पब’ म्हटलं की आपल्या भुवया उंचावतात. काळोख, कानठळ्या बसवणारी गाणी आणि दारू! पण मैत्रिणींनो, इंग्लंडात हा शब्द ‘पब्लिक हाऊस’ म्हणजे चार लोकांचं घर, याचं छोटं रूप आहे. गल्लीतली माणसं संध्याकाळी तिथे टेकतात, खातात-पितात, गप्पा मारतात. लंडनच्या इस्लिंग्टन भागात १९७० साली डॅन क्रॉफर्ड यांनी ‘किंग्ज हेड’ नावाच्या अशाच एका पबच्या मागच्या खोलीत नाट्यगृह सुरू केलं. पुढे लोकांची बैठक, मागे नाटक. पन्नासहून जास्त वर्षं ते तिथेच चाललं. २०२४ मध्ये ते मागच्या बाजूच्या नव्या जागेत गेलं.

दारूचं सोडून द्या. त्यातली युक्ती तेवढी आपण घेऊ या. नाटकाला जोडून बसायला, बोलायला जागा असली की माणसं तिथे पुन्हा पुन्हा येतात.

हीच युक्ती आपल्या मुंबईत चहावर चालली. जुहूचं ‘पृथ्वी थिएटर’ शशी कपूर आणि जेनिफर या जोडप्याने १९७८ साली उभं केलं. जेनिफर ही गावोगाव शेक्सपिअरची नाटकं करत फिरणाऱ्या केंडल कुटुंबातली लेक. जेमतेम दोनशे खुर्च्या, त्याही रंगमंचाच्या तीन बाजूंनी. त्यामुळे नट अगदी हाकेच्या अंतरावर. बाहेर अंगणात कॅफे. तिकीट काढलेलं नसलं तरी चहा घेत बसता येतं. १९८४ मध्ये जेनिफर गेल्या, पुढे अनेक वर्षं त्यांची लेक संजना हिने हा कारभार सांभाळला.

आता कुणी म्हणेल, त्यांचं काय, ते कपूर! मग दादरचं बघा. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९७१ साली त्यांनी पती अरविंद देशपांडे, अरुण काकडे आदी मंडळींबरोबर ‘आविष्कार’ ही संस्था काढली. सत्तरच्या दशकात त्याच शाळेच्या हॉलमध्ये नाटकं होऊ लागली. मोठे सेट नाहीत, मखमली खुर्च्या नाहीत. तरी मराठी प्रायोगिक रंगभूमीत ‘छबिलदास चळवळ’ असं नाव झालं. आणि त्या गल्लीतला बटाटेवडा तर मुंबईभर प्रसिद्ध!

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आमची मांजरी. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. एकीकडे जुनं गावठाण, दुसरीकडे नव्या सोसायट्या. दोन्हीकडच्या बायका भाजी घेताना एकमेकींना बघतात, पण ओळख होत नाही. पुरुषांना पार आहे, कट्टा आहे, चहाची टपरी आहे. बाईला मात्र घराबाहेर निवांत बसायला काहीतरी कारण लागतं. हळदीकुंकू, भिशी नाहीतर बारसं! हडपसरला नाट्यगृह आहे, पण रात्रीचा प्रयोग, परतीची रिक्षा, मुलांची शाळा आणि सकाळचा डबा यांचा हिशेब मांडला की नाटक राहूनच जातं.

म्हणून वाटतं, मोठ्या नाट्यगृहाची वाट कशाला बघायची? बऱ्याच गावांत शाळेला हॉल असतो आणि तो रविवारी बंद असतो. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्यायचा. महिन्यातून एक रविवार, संध्याकाळी पाच ते सात. म्हणजे दिवेलागणीला घरी. सुरुवातीला नाटक बसवायचीही गरज नाही. चौघींनी समोर बसून एकांकिका वाचायची. त्याला अभिवाचन म्हणतात. लेखकाची परवानगी तेवढी आधी घ्यायची. चहा आणि भजी बचत गटाकडे द्या, चार पैसे त्यांना मिळतील. लहान मुलांसाठी कोपऱ्यात सतरंजी टाका, नाहीतर तान्ह्या मुलांच्या आया येणारच नाहीत.

आणि वाचन संपलं की लगेच दिवे मालवू नका. खरी गंमत त्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे. ‘तिने नवऱ्याला असं बोलायला हवं होतं का?’ यावर सासू एक बोलेल, सून दुसरं. घरात ज्या विषयावर आवाज चढतो, तोच विषय नाटकातल्या बाईच्या नावाने शांतपणे बोलता येतो.

पहिल्या वेळी पंधराच जणी आल्या तरी चालेल. खुर्च्या तेवढ्या गोलात मांडा.