'आमार' म्हणजे माझी : बिनोदिनी दासी यांचे आत्मकथन

बंगाली अभिनेत्री बिनोदिनी दासी (१८६३–१९४१) यांच्या 'आमार कथा' (१९१२) या आत्मकथनाकडे नाट्येतिहासाचे एक साधन म्हणूनच पाहिल्यास त्यातील मूळ प्रश्न निसटतो. कलेचे श्रेय कोणाच्या नावे नोंदले जाते, हा तो प्रश्न होय.

१८७३ मध्ये कलकत्त्याच्या बंगाल थिएटरने स्त्रीभूमिकांसाठी गणिकांच्या वस्तीतील स्त्रियांना घेतले. बिनोदिनीही त्याच वस्तीतून आल्या व १८७४ मध्ये, बालवयातच, ग्रेट नॅशनल थिएटरमध्ये दाखल झाल्या. पुढे गिरीशचंद्र घोष त्यांचे नाट्यगुरू झाले. १८८३ मध्ये गुरुमुख राय या धनिकाने बिनोदिनींनी आपला आश्रय स्वीकारावा या अटीवर नवे नाट्यगृह उभारले. त्याला बिनोदिनींचे नाव देण्याचे आश्वासन सहकाऱ्यांनी दिले होते. नोंदणी मात्र 'स्टार' या नावाने झाली. तेथेच १८८४ मध्ये 'चैतन्यलीला'मधील त्यांची चैतन्यांची भूमिका पाहून रामकृष्ण परमहंसांनी त्यांना आशीर्वाद दिला. संताने स्वीकारलेल्या या कलावतीचे नाव वास्तूला मात्र चालले नाही. सुमारे बारा वर्षांच्या कारकीर्दीनंतर, ऐन तारुण्यात, त्यांनी रंगभूमी सोडली.

त्यानंतरचे त्यांचे लेखन या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. 'बासना' (१८९६) हा काव्यसंग्रह प्रथम आला. 'आमार कथा' नंतरची. तिची प्रस्तावना त्यांनी गुरूंकडूनच मागितली. परंतु तीत सर्व सत्य आलेले नाही म्हणून ती नाकारली. दुसरी लिहिण्यापूर्वीच, १९१२ मध्ये, गिरीशचंद्र निवर्तले. ज्या गुरूंचे ऋण ग्रंथभर मान्य केले, त्यांच्याच साक्षीला अपुरी ठरविण्याचे हे धैर्य लेखिकेचे आहे.

मराठीत याच सुमारास रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) प्रसिद्ध झाल्या. दोन्ही शीर्षके कानाला जवळची वाटतात. परंतु बंगाली 'आमार' म्हणजे 'माझी'. रमाबाईंचा 'आम्ही' पतीच्या सार्वजनिक कीर्तीच्या आधाराने उभा आहे. बिनोदिनींना कुलनामाचाही आधार नाही. 'दासी' हे नामपद तेवढे आहे. म्हणूनच त्यांचा 'मी' एकाकी, आणि त्या प्रमाणात जबाबदारीचा आहे. स्त्रीआत्मचरित्रांचा तौलनिक अभ्यास करताना या सर्वनामभेदामागील सामाजिक स्थान लक्षात घ्यावे लागते.

डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्यातील स्टार थिएटरला बिनोदिनींचे नाव देण्याची घोषणा झाली. मात्र १८८३ ची मूळ वास्तू आता उरलेली नाही. हे नाट्यगृह नंतरचे, दुसऱ्या जागेवरचे आहे. ज्या रंगमंचाला आपले नाव नाकारले गेले, त्याची नोंद बिनोदिनींनी स्वतःच्या ग्रंथात स्वनामाने करून ठेवली होती.