जुने ब्रँडेड कपडे विकायचेत? आधी नव्याचा भाव बघा

शब-ए-बारात जवळ आली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कधी तळोज्याहून, कधी पनवेलच्या मुस्लिम नाक्यावरून, कधी नेरूळ-कोपरखैरण्यातून. विचारणाऱ्या बहुतेक बहिणीच असतात. घरखर्चातून पाच-दहा हजार रुपये बाजूला काढलेले असतात. ईदच्या आधी वापरलेले पण चांगले ब्रँडेड कपडे गोळा करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकायचे असतात. आणि प्रश्न एकच: "कुठल्या ब्रँडचा माल उचलू?"

नावांची यादी कुणीही देईल. पण नुसत्या यादीवर पैसे लावले की काय होतं ते आम्ही पाहिलंय. मोठ्या नावाचे कपडे कपाटात पडून राहतात आणि गुंतवलेली रक्कम ईद उलटून गेली तरी मोकळी होत नाही. ज्या घरात त्या पैशातून मुलाची फी जायची असते, तिथे हे परवडत नाही. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करू या. जुन्या कपड्याची किंमत त्याच्यावरचं नाव ठरवत नाही. तसाच नवा कपडा जवळच्या दुकानात कितीला मिळतो, यावर ती ठरते.

झुडिओचंच उदाहरण घ्या. टाटांच्या ट्रेंट कंपनीचं हे दुकान, आणि तिथला बहुतेक माल 999 रुपयांच्या आतला. समजा तिथली नवी कुर्ती 400 रुपयांना मिळते. मग तीच वापरलेली कुर्ती तुमच्याकडून कोण किती देऊन घेईल? फार तर 150. त्यात तुमची 60 रुपयांची खरेदी, धुणं, इस्त्री, फोटो, दहा जणींच्या "लास्ट प्राइस?"ला उत्तरं. हातात काय उरलं? तोच हिशेब शीनला लागू. 2020 मध्ये बंदी आलेला हा ब्रँड 2025 मध्ये रिलायन्समार्फत परत आला, मुलींमध्ये त्याचं नावही आहे, पण नवाच इतका स्वस्त की जुन्याला जागा उरत नाही. असे कपडे फुकट मिळाले तरच घ्या.

आता लिव्हाइसची जीन्स बघा. नवी दोन-अडीच हजारांच्या पुढे जाते, कापड जाड असतं, चार वर्षं वापरूनही तिच्यात जीव असतो. ती 250 ला घेऊन 700 ला विकली तर घेणाऱ्यालाही फायदा झाल्यासारखं वाटतं, आणि तो खरंच होतो. मार्क्स अँड स्पेन्सरचे शर्ट आणि स्वेटर, युनिक्लोची जॅकेटं, फॅबइंडियाचे सुती कुर्ते, रेमंडचे ब्लेझर, लुई फिलिप किंवा व्हॅन ह्युसेनचे ऑफिसचे शर्ट याच रांगेतले. नव्याचा भाव चढा, कापड टिकाऊ, आणि गिऱ्हाइकाला नाव माहीत. तिन्ही जुळलं तर डोळे मिटून नाही, पण मन घट्ट करून घ्यायला हरकत नाही.

तिसरी अट बरेच जण विसरतात. परदेशात ज्याला हजारो रुपये मिळतात असा एखादा जपानी किंवा युरोपी ब्रँड तुमच्या हाती लागला, पण तुमच्या ग्रुपमधल्या कुणी त्याचं नावच ऐकलेलं नसेल, तर तो तुमच्यासाठी साधा शर्टच आहे. उलट अ‍ॅलन सोली सगळ्यांना ठाऊक.

झारा आणि एच अँड एम या मधल्या पट्ट्यातले. नाव ओढून घेतं, यात शंका नाही. पण यांचे पातळ टॉप दोन-चार धुण्यांत विरतात आणि माप आखूड असतं. आम्ही त्यांचे कोट, ट्राउझर आणि पायघोळ ड्रेस तेवढे घेतो, बाकी सोडून देतो.

सरकारी करानेही हे गणित हललं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर 18 टक्के. आधी 1,000 पर्यंत 5 आणि वर 12 होता. म्हणजे हजार ते अडीच हजारांमधला नवा शर्ट थोडा स्वस्त झाला, आणि अडीच हजारांवरचा कोट महाग. जुन्या मालात पैसा वरच्या गटात आहे, तो त्यामुळे आणखी वर सरकला.

बोहारीण लेबल बघत नाही

हे सगळं ज्ञान नवीन नाही. आपल्या आया-खालांनी दारात बसवून जिच्याशी हुज्जत घातली ती बोहारीण आठवा. डोक्यावर भांड्यांची पाटी, तीन साड्या आणि दोन पँटींवर एक पातेलं. या बायका बहुतेक गुजरातकडून आलेल्या देवीपूजक समाजाच्या, ज्यांना वाघरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतला जुना कपडा त्यांच्याच हातून फिरला. ती कधी ब्रँड विचारत नाही. पँट उजेडासमोर धरते, बैठकीची जागा विरली आहे का बघते, कॉलर उलटी करते, काखेची शिवण ओढते, चेन वरखाली करते. चांगला माल पुन्हा बाजारात, फाटका पुसायच्या चिंध्यांत. लोकरीचे कपडे तर पार पानिपतपर्यंत जातात, तिथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात.

तुम्हीही आधी तिच्यासारखा हात फिरवा, लेबल मग बघा. आतल्या पट्टीवर कापडाचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचा. शंभर टक्के सुती, लिनन किंवा लोकर असेल तर चांगलंच. पट्टी कापलेली असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. स्ट्रेच जीन्स असेल तर गुडघा ताणून सोडा, कापड परत जागेवर येत नसेल तर ती संपली. पॉलिस्टरच्या शर्टात घामाचा वास बसला की कितीही धुतला तरी इस्त्री फिरवताना तो पुन्हा येतो. असा शर्ट कुठल्याही ब्रँडचा असो, परत करा.

आपल्या गिऱ्हाइकाला काय चालतं

इंटरनेटवरचे सल्ले बहुधा कॉलेजच्या मुलींना विकणाऱ्यांचे असतात. आपल्याकडे घेणारी बाई आधी बाही बघते, मग लांबी, मग कापड पारदर्शक आहे का ते. युनिक्लोने 2015 मध्ये हाना ताजिमा या ब्रिटिश मुस्लिम डिझायनरबरोबर अंगभर कपड्यांची मालिका काढली होती. असे तुकडे हाती लागले तर लगेच जातात. आखाती देशांतल्या नातेवाइकांकडून येणारा माल आपल्या कोकणी घरांमध्ये भरपूर असतो. मॅक्स, स्प्लॅश वगैरे तिकडची दुकानं लांब बाह्यांचे आणि सैल कपडे जास्त ठेवतात. कुवेत-दुबईहून आलेल्या बॅगांमध्ये कितीतरी कपडे न घातलेलेच निघतात, कारण माप चुकलेलं असतं. तिथे विचारा, ही खाण घरातच आहे.

अबाया आणि बुरख्यात ब्रँडला फारसा अर्थ नाही. तिथे कापडाचं नाव हाच ब्रँड. चांगल्या निदाचा अबाया वर्षानुवर्षं काळाच राहतो, हलकं कापड काही महिन्यांत तपकिरी झाक मारतं. खिडकीपाशी नेऊन शेजारी दुसरं काळं कापड धरून बघा, ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. खांदा आणि खालची घेराची कड आधी जाते.

शादीचे कपडे हा आमच्या मते सर्वांत चांगला माल. मान्यवरची शेरवानी नवी हजारोंनी जाते आणि नवरदेव ती एकदाच घालतो. शरारा, घरारा, निकाहचे दुपट्टे, तेच. एक काळजी घ्या. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य आहे, त्यामुळे शेरवानीचं कापड खरं रेशीम आहे की आर्ट सिल्क, हे विचारणारे येतातच. त्याचप्रमाणे चामड्याच्या जॅकेटच्या आत 'पिगस्किन' लिहिलंय का ते बघा. माणसांचे-प्राण्यांचे मोठे चेहरे छापलेले टी-शर्टही आपल्याकडे पडून राहतात, नमाजी माणूस ते घेत नाही.

'पाकिस्तानी सूट'ची मागणी प्रचंड. पण 2 मे 2025 पासून पाकिस्तानात बनलेल्या कुठल्याही मालाची आयात, थेट असो की दुसऱ्या देशातून, भारतात बंद आहे. बाजारात त्या नावाने विकला जाणारा कितीतरी माल सुरतेत तयार झालेली नक्कल असतो. ते कापड वाईट असतं असं नाही. फक्त त्याला सुरतचा म्हणून विका.

खोटं नाव

नकलेचं आलंच आहे तर. उल्हासनगर आपल्यापासून किती लांब? 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद सगळ्यांनी ऐकलाय. तिथली जीन्स कधी कधी दणकट असते. अडचण तिच्यावर दुसऱ्याचं नाव लावलं की सुरू होते. ट्रेडमार्क कायदा, 1999 नुसार खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. "मला माहीत नव्हतं" एवढं म्हणून सुटका नाही. आपण योग्य ती काळजी घेतली होती आणि माल कुणाकडून घेतला, हे सांगता आलं पाहिजे. म्हणून एक वही ठेवा: तारीख, कुणाकडून, काय, किती रुपये. अस्सल कपडा कायदेशीरपणे विकत घेऊन पुढे विकायला कुणाची परवानगी लागत नाही.

ओळखायचं कसं? झाराच्या आतल्या पट्टीवर तिरप्या रेघांनी तोडलेला लांब क्रमांक असतो, तो इंटरनेटवर टाकला की बहुधा तोच कपडा दिसतो. अमेरिकेसाठी बनलेल्या कपड्यांवर अनेकदा 'आरएन' क्रमांक असतो, त्यावरून कंपनी शोधता येते. स्पेलिंग, टाके, बटणांवरचं कोरीव काम बघा. लेबल अर्धं कापलेला माल अनेकदा एक्सपोर्टमधून उरलेला असतो. तो ब्रँडचा म्हणून सांगू नका, 'एक्सपोर्ट सरप्लस' म्हणा, तरीही जातो.

किलोने मिळणाऱ्या गठ्ठ्यांपासून सुरुवातीला लांब राहा. 'इम्पोर्टेड ब्रँडेड, 20 किलो' असं म्हणून आम्हीही एकदा घेतला होता. वरचे चार कपडे सुरेख, आत निम्म्याहून जास्त चिंध्या, आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. शिवाय वापरलेले कपडे परदेशातून आणणं आपल्याकडे मुक्त नाही, त्याला परवाना लागतो. कांडलाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात असे कपडे निवडून पुन्हा बाहेर पाठवणारे कारखाने आहेत. तिथून किंवा बंदरातून 'सुटलेला' माल म्हणून कुणी दाखवत असेल तर कागद मागा. कागद नसेल तर सौदा नाही. नवी मुंबईत मालाची कमतरता नाही. ऐरोली, वाशी, खारघरच्या सोसायट्यांमध्ये दर महिन्याला भाडेकरू बदलतात, आणि सामान आवरताना ऑफिसचे शर्ट आणि कोट आधी बाहेर निघतात. वॉचमनशी सलाम-दुआ ठेवा.

अमानत

हे लिहायला जरा अवघड वाटतं, पण टाळून चालणार नाही. पूर, आग किंवा रमजानच्या निमित्ताने गरिबांसाठी म्हणून गोळा केलेल्या ढिगातून 'चांगले ब्रँड' वेगळे काढून विकण्याचे प्रकार होतात. देणाऱ्याने ते कपडे गरजूंसाठी दिलेले असतात, ती अमानत आहे. विकून पैसे त्याच कामाला लावायचे असतील तर देणाऱ्याला आधी सांगा आणि एखाद्या आलिमला विचारा. स्वतःच्या नफ्यासाठी मात्र त्याला हात लावू नये. देणाऱ्याला एकदा कळलं तर पुढच्या वेळी खऱ्या गरजूचं दार बंद होतं.

दोष सांगण्याचंही तसंच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, ही सहीह मुस्लिममधली हदीस आपण सगळ्यांनी जुम्याच्या बयानात ऐकली आहे. व्यापाऱ्याने पावसाचं कारण दिलं, तेव्हा भिजलेलं धान्य वर का नाही ठेवलं, असं त्यांनी विचारलं. आपल्या धंद्यात याचा अर्थ इतकाच: डागाचा फोटो पहिला टाका. काखेची शिवण उसवली असेल तर ती दाखवा, भाव कमी लावा. आमचा अनुभव असा की असा फोटो टाकणाऱ्या बहिणीकडे लोक परत येतात. आणि प्रत्येक कपडा स्वच्छ पाण्यातून नीट धुऊन द्या. "हे पाक आहे ना?" हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात असतोच, तोंडाने विचारो न विचारो.

हिशेबाच्या दोन गोष्टी. कुरिअरचा दर 500 ग्रॅमच्या टप्प्याने लागतो आणि जीन्स बहुधा त्याच्या वर जाते, म्हणून जीन्स शक्यतो वाशी-नेरूळ स्टेशनवर हातात द्या, हलके कुर्ते कुरिअरने. मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, पण महाराष्ट्राबाहेर माल विकू लागलात तर ही सूट राहत नाही. सुरतच्या नणंदेच्या मैत्रिणींना पाठवण्याआधी एखाद्या सीएला विचारून घ्या.

विक्रीसाठी ठेवलेला साठा हा व्यापाराचा माल आहे. निसाब पूर्ण होत असेल तर तो धरूनच अडीच टक्के जकात निघते, आणि हिशेब आज तो किती रुपयांना विकला जाईल त्यावर करायचा, घेतला त्या भावावर नाही. हा हिशेब करायला बसलात की कुठला ब्रँड वर्षभर हललाच नाही, ते आपोआप समोर येतं. तो माल पावसाळ्यापूर्वी मिळेल त्या भावाला काढून टाका. जूननंतर नवी मुंबईच्या दमट हवेत बंद पिशवीतल्या कोटाला बुरशी लागायला पंधरा दिवसही पुरतात.