बिन्सीचे निसर्गचित्र आणि स्वभावोक्तीचा प्रश्न

इंग्लंड व वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक नगरवासी झाल्याचे १८५१ च्या जनगणनेने दाखवून दिले. व्हिक्टोरियाकालीन चित्रकलेत खेड्याला जे महत्त्व आले, त्याचा विचार ह्या पार्श्वभूमीवर करावा लागतो. नागर रसिकाला दुरावलेले गाव भिंतीवर हवे होते. त्यामुळे वेलींनी वेढलेली झोपडी आणि दारातील गुबगुबीत मुले असा गावाचा एक गोड साचा रूढ झाला. जॉर्ज प्राइस बॉइस (१८२६–१८९७) ह्यांचे 'ॲट बिन्सी, निअर ऑक्सफर्ड' (१८६२) हे जलरंगातील चित्र ह्या साच्याबाहेरचे आहे. ते बेडफर्ड येथील हिगिन्स संग्रहालयात आहे.

बिन्सी हे ऑक्सफर्डजवळचे, टेम्सच्या पश्चिमेकडील लहानसे गाव. नदीपलीकडे पोर्ट मेडो हे विस्तीर्ण गायरान पसरले आहे. बॉइस ह्यांनी मात्र दूरवरच्या देखाव्याला चित्राचा विषय केलेले नाही. समोर झाडांची उभी खोडे आणि त्यांच्या आडून दिसणाऱ्या शेतावरच्या जुन्या इमारती, एवढाच चित्राचा ऐवज आहे. इमारत दर्शनी बाजूने, मोकळ्यावर दाखवण्याचा संकेत येथे मोडला आहे. बॉइस ह्यांचे शिक्षण वास्तुशास्त्राचे. १८४९ मध्ये वेल्समध्ये डेव्हिड कॉक्स ह्या ज्येष्ठ चित्रकाराशी झालेल्या भेटीनंतर ते निसर्गचित्रणाकडे वळले. तरी भिंत, छप्पर, वीट ह्यांवरील त्यांची नजर सुटली नाही.

अशा चित्रणाला भारतीय साहित्यशास्त्रातील 'स्वभावोक्ती' ही संज्ञा लागू पडते. वस्तूचे जसे रूप आहे तसेच वर्णन करणे, ह्याला दंडीने आद्य अलंकाराचे स्थान दिले. कुंतकाने त्याला अलंकार मानण्यासच नकार दिला. वस्तूचा स्वभाव हे अलंकार्य असेल, तर तोच अलंकार कसा होणार, हा त्याचा आक्षेप. बिन्सीच्या चित्राविषयीही हीच शंका घेता येईल: जे आहे तेच दाखवले, तर कलावंताने काय केले?

ह्या शंकेचे उत्तर शोधताना त्याच गावाची आणखी दोन रूपे उपयोगी पडतात. १८६२ च्याच ४ जुलैला लुईस कॅरल ह्यांनी ऑक्सफर्डहून गॉडस्टोपर्यंतच्या नौकाविहारात मुलींना 'ॲलिस'ची कथा सांगितली. त्यांची नाव ह्याच काठावरून गेली. पुढे १८६५ मध्ये पुस्तकरूप घेतलेल्या त्या कथेतील काकवीच्या विहिरीचा संबंध बिन्सीच्या चर्चच्या आवारातील औषधी मानल्या गेलेल्या विहिरीशी जोडला जातो. येथे स्थळ कल्पनाविलासाचे निमित्त झाले. १८७९ मध्ये बिन्सीच्या काठावरील पॉप्लर वृक्षांची रांग तोडली गेली आणि जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स ह्यांनी त्यावर शोककविता लिहिली; ती १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे स्थळ नाहीसे झाल्यावरच काव्यविषय बनले.

बॉइस ह्यांच्या चित्रातील झाडे हीच कवितेतील झाडे, असे मानण्याचे कारण नाही. महत्त्वाचा आहे तो दोन्ही कृतींतील काळाचा संबंध. कवी नष्ट झालेल्या वस्तूचे मोल सांगतो. चित्रकार ती वस्तू उभी असताना, तिच्यावर कोणतेही संकट दिसत नसताना, तिच्याकडे पुरेसा वेळ पाहतो. कोणते खोड कोणत्या भिंतीवर आडवे येते, ह्याची निवड त्यानेच केलेली असते. कलावंताचे कर्तृत्व ते हेच. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी विल्यम मॉरिस ह्यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या आरंभीच्या सदस्यांत बॉइस होते, ही गोष्टही त्यांच्या दृष्टीशी सुसंगत आहे.

ह्या दृष्टीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्या इमारतींत राबणाऱ्यांची मजुरी, त्यांची घरे ह्यांविषयी चित्र मौन पाळते. तरीही साहित्यातील स्थळवर्णन कथानकाला जोडलेली सजावट समजून वगळणाऱ्या वाचकाने बिन्सीचा विचार करावा. स्थळ बदलल्यानंतर असे वर्णन हाच पुष्कळदा त्याचा पुरावा उरतो, आणि तो वस्तू शाबूत असतानाच तयार करावा लागतो.