ती स्पर्धा जिंकलं कोण?

‘एंटर द ड्रॅगन’ पाहिलेल्या कुणालाही आरशांची खोली आठवते, हानचा पोलादी पंजा आठवतो, ब्रूस लीच्या छातीवरचे रक्ताळलेले ओरखडे आठवतात. पण ती स्पर्धा जिंकलं कोण, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. त्यांचं काही चुकत नाही. ती स्पर्धा पूर्णच होत नाही!

१९७३च्या या चित्रपटात हान आपल्या बेटावर दर तीन वर्षांनी लढवय्यांना बोलावतो. ली तिथे ब्रिटिश गुप्तचरांच्या सांगण्यावरून अफूच्या धंद्याचा माग काढायला जातो, शिवाय त्याला बहिणीच्या मृत्यूचा हिशेबही चुकता करायचा असतो. आमंत्रितांपैकी रोपरच्या डोक्यावर कर्ज आहे. विल्यम्स पोलिसांना ठोकून पळालेला. मोजक्या लढती होतात, ली हानचा रक्षक ओहारा याला संपवतो, आणि मग तळघर, कैदी, दंगल. पुढच्या फेरीचं नावही कुणी काढत नाही.

म्हणजे स्पर्धा हे निमित्त, पण फार कामाचं. हाणामारीच्या चित्रपटाला एक अडचण कायम छळते: बंदूक असताना माणसं बुक्क्यांनी का लढतील? इथे यजमानच बेटावर बंदूक येऊ देत नाही. प्रश्न मिटला. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या घराण्यांत शिकलेली माणसं एकाच मैदानात का उतरली, हेही वेगळं सांगावं लागत नाही, आमंत्रण पुरतं. खेरीज हॉलिवूडला हाँगकाँगच्या नटाशेजारी एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय नायक उभा करता आला. त्यातला जिम केली तर खराखुरा कराटेपटू. वॉर्नर ब्रदर्सचा हिशेब पक्का होता.

पटकथाकार मायकेल ॲलिन यांचं बाकी सामान जेम्स बाँडच्या गोदामातलं वाटतं. पण ली हलायला लागला की ते कुणाच्या लक्षात राहतं? तळघरातल्या मारामारीत ज्या पोराचे केस धरून तो मान मोडतो, तो तेव्हा अनोळखी असलेला जॅकी चॅन. २० जुलै १९७३ला ली वयाच्या ३२व्या वर्षी गेला. अमेरिकेत चित्रपट लागला तो त्यानंतर, ऑगस्टमध्ये.

निमित्त मात्र उरलं, आणि पुढच्यांनी त्यालाच कथा केलं. १९८८चा ‘ब्लडस्पोर्ट’ म्हणजे जवळपास निव्वळ फेऱ्या. १९९२च्या ‘मॉर्टल कोम्बॅट’ या व्हिडिओ गेममध्ये तर बेटही आलं.

मला त्याहून रंजक वाटते ती ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीची, लीची सामो हंगबरोबरची लढत. दोघांच्या हातात बोटं मोकळी ठेवणारे मोजे, आणि निकाल लागतो तो लाथेने नाही, तर जमिनीवर जखडून. पुढे १९९३मध्ये डेन्व्हरला ‘यूएफसी’ ही खरीखुरी स्पर्धा पहिल्यांदा झाली: आठ लढवय्ये, वेगवेगळ्या शैली, एका रात्रीत बाद फेऱ्या. तिथे जखडून जिंकणाऱ्या रॉयस ग्रेसीने भल्याभल्यांना गार केलं. तशा धर्तीचे मोकळ्या बोटांचे मोजे तिथे सक्तीचे व्हायला मात्र १९९७ उजाडलं.