येळवसची भज्जी आणि व्हीगन पंगत

मार्गशीर्षातील अमावास्येला लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, दुकानांना कुलपे लागलेली असतात आणि कारकुनापासून अडत्यापर्यंत जो तो कुणाच्या तरी शेताकडे निघालेला असतो. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्याला कुणाचे तरी आवतण असतेच. हीच वेळा अमावास्या, बोलीत येळवस. नांदेडच्या सीमेलगतच्या गावांतही ती होते, आणि पलीकडे बीदर-कलबुर्गी भागात हाच सण ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणून साजरा होतो. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ.

कडब्याच्या कोपीत चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांची पूजा झाली की पंगत बसते, आणि पंगतीचा मान भज्जीला. नाव ऐकून परक्याला तळलेली भजी आठवतात. वस्तुतः ही तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे, हरभरा, भुईमूग, गाजर, पातीचा कांदा, मेथी, चुका, चिंच, बोरे असे ऋतूत जे हाती लागेल ते बेसनात एकत्र शिजवून केलेले कालवण होय. सोबत सजगुऱ्याचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदग्यातील आंबिल.

दूध, दही, तूप, मधसुद्धा वर्ज्य मानणाऱ्या आहारासाठी 1944 मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन’ हा शब्द घडवला. आता पुण्या-मुंबईत शिकणारी आपली मुले तो घेऊन घरी येतात आणि सणासुदीला काय खावे, असा पेच आईपुढे टाकतात. पेच वाटतो तेवढा नवा नाही. इथिओपियातील सनातनी ख्रिस्ती 7 जानेवारीच्या नाताळापूर्वी कित्येक आठवडे मांस, दूध, अंडी सोडतात. तेथील ‘शिरो’, म्हणजे हरभऱ्यासारख्या डाळीच्या पिठाचे कालवण, आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ शोभेल. चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी अनेक घरांत अर्हतांच्या नावाने ओळखली जाणारी मिसळभाजी होते. तीही भज्जीप्रमाणे अनेक जिनसांचीच.

राहता राहिले आंबिलातील ताक. गोठ्यात गाय आणि तिचाच गोऱ्हा औताला, अशी व्यवस्था होती तेव्हा ताकाविषयी प्रश्न पडत नसे. आज औत ट्रॅक्टरचे आणि दही पिशवीतल्या दुधाचे असेल, तर मुलांचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. ज्वारीचे पीठ रात्रभर पाण्यात भिजवून आंबवले तरी आंबट चव येते. ‘आंबिल’ या नावातच आंबणे आहे. आजीला विचारून करावे, म्हणजे वाद मिटेल.

खरी चिंता ताकाची नाही, भज्जीची आहे. ती मिश्र पिकाच्या शेतातच जन्मते. तुरीच्या ओळींत मूग, बांधावर पावटा, रब्बीत ज्वारी-करडईच्या कडेने हरभरा असे, तेव्हा सुगरणीला बाजारात जावे लागत नसे. गेल्या तीनचार दशकांत खरिपाचे रान सोयाबीनने व्यापले. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. लवकर हाती येणारे रोख पीक कोण सोडील? गंमत अशी की, जगभरच्या व्हीगन स्वयंपाकघरांत सोयाचे दूध आणि पनीर हा मोठा आधार, आणि ज्या लातूरच्या अडतीत सोयाबीनच्या राशी लागतात, तेथल्या सणाच्या ताटात सोयाबीनचा दाणा नाही. त्याचे तेल गाळले जाते आणि पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी-बाजरीवर भाषणे पुष्कळ झाली. मात्र रब्बी ज्वारी हटली तेथे कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्याही विकत आणाव्या लागतात, आणि भज्जीचे सामान अमावास्येच्या आदल्या दिवशी भाजीबाजारात शोधावे लागते.

शिक्षकांनी एक करून पाहावे. येळवसच्या दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येक मुलाला वहीत दोन रकाने आखायला सांगावे: भज्जीतील कोणते जिन्नस शेतातून आले आणि कोणते बाजारातून. ती पाने फाडू न देता पुढच्या वर्षाच्या वर्गासाठी जपून ठेवावीत.