धंद्याचे नाव : ठेवावे कसे, राखावे कसे?

घरात मूल जन्मले की आपण अकीक्याच्या आधीपासून नावाचा विचार करतो. नानी, फुफू, मामू सगळ्यांना विचारतो, अर्थ पाहतो. धंद्याचे नाव मात्र बोर्ड रंगवणाऱ्यासमोर उभे राहून ठरते. 'बरकत', 'रहमत', 'मदिना', झाले!

आमच्या शेजारच्या एका भगिनीने घरी कुटलेला मसाला 'बरकत' नावाने विकायला घेतला. चार वर्षांत चव लोकांच्या जिभेवर बसली. मग त्याच नावाची, तशाच हिरव्या रंगाची दुसऱ्या कुणाची पाकिटे बाजारात आली. त्या मालाच्या तक्रारी मात्र हिच्या दारात! "माझ्याकडे शॉप अ‍ॅक्टचा कागद आहे," ती म्हणाली. आम्ही तो वाचला. दुकानाची नोंद झाल्याचा तो पुरावा होता, नावाच्या मालकीचा नव्हे. उद्यम आणि जीएसटी नोंदणीचेही तसेच.

नावाच्या रक्षणासाठी 1999 चा ट्रेडमार्क कायदा आहे. नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला हक्क असतो. पण ते सिद्ध करावे लागते. हिचा सगळा व्यवहार रोखीचा. ना बिल, ना जुने पाकीट. म्हणून पहिल्या दिवसापासून तारखेसह बिले, जाहिराती, पाकिटांचे नमुने जपून ठेवावेत.

नाव कसे असावे? 'शुद्ध', 'उत्तम' अशी मालाचे नुसते वर्णन करणारी नावे सहसा नोंदली जात नाहीत. धर्मग्रंथाच्या नावावरही एकट्याचा हक्क चालत नाही. अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर सांगितलेला असा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नाकारला. शिवाय पाकीट शेवटी कचऱ्यात जाते. त्यावर पवित्र नाव छापताना अदबीचा विचार आपणच करायला हवा.

नाव ठरले की ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते आधी कुणी घेतले आहे का, हे विनामूल्य शोधता येते. अर्ज मालाच्या वर्गाप्रमाणे करायचा: मसाले 30, कपडे 25, अत्तर 3, खानावळ 43. ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गासाठी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला 4,500 रुपये, इतरांना 9,000 रुपये शुल्क आहे. अर्ज मान्य झाला की नाव जर्नलमध्ये छापले जाते आणि हरकतीसाठी चार महिने मिळतात. नोंदणी 10 वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. तोवर नावापुढे 'टीएम' लिहावे. वर्तुळातले 'आर' नोंदणीनंतरच. आधी लावणे गुन्हा आहे.

आमच्या भगिनीने अखेर चार वर्षांचे नाव सोडले. आता 'नानीचे उखळ' या नावाचा अर्ज आधी केला, पाकिटे नंतर छापली. जुनी गिऱ्हाइके हळूहळू परततील, इन्शाअल्लाह.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत. व्यापारात नाव म्हणजे अमानत. आपले राखावे आणि दुसऱ्याच्या नावाला हात लावू नये.