जोडी सापडेल, पुडीचं काय?

नागठाणे म्हटलं की बालगंधर्व आठवतात आणि बालगंधर्व म्हटलं की पदं. त्या पदांखाली जो तबला वाजायचा, त्याची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. पलूस तालुक्यातल्या या कृष्णाकाठच्या गावच्या नारायण श्रीपाद राजहंसांनी, म्हणजेच बालगंधर्वांनी, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांना बरोबर घेऊन १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे त्या मंडळीत सारंगीला कादरबक्ष आले आणि तबल्याला अहमदजान थिरकवा. एरवी संस्थानिकांनी पदरी बाळगावेत असे हे वादक, आणि ते तिकिटं काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर वाजवत होते. गाण्याचं या तालुक्याला वावडं कधीच नव्हतं. गवई विष्णु दिगंबरांचं घराणं मूळचं गाडगीळ, पण पलूसचे म्हणून पलुसकर झालेलं.

तबला शिकणाऱ्या प्रत्येक पोराला एका टप्प्यावर वाटतंच की आपली बोटं ठीक आहेत, कमी आहे ती आपली तबला-डग्ग्याची जोडी. मग गुरुजींच्या जोडीकडे डोळा जातो, नंतर जुन्या उस्तादांच्या. समजा, पलूसच्या एखाद्या हौशी माणसाच्या मनात आलं की थिरकवाखाँसाहेबांची नाटकातली जोडी जशीच्या तशी उभी करायची, तर त्यानं शोधायचं काय आणि कुठं? हौस वेडगळ नाही. पण ती कुठवर पुरी होईल, हे आधी माहीत असलेलं बरं.

आधी खाँसाहेबांविषयी थोडं. जन्म मुरादाबादचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. तालीम मुंबईत, मुनीरखाँसाहेबांकडे. बोटं तबल्यावर नाचतात, थिरकतात, म्हणून पडलेलं नाव पुढे खऱ्या नावाइतकंच पक्कं झालं. गंधर्व मंडळीतली वर्षं संपल्यावर रामपूर दरबार, त्यानंतर लखनौचं भातखंडे संगीत महाविद्यालय. १९७० साली पद्मभूषण मिळालं आणि १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौला ते गेले. लालजी गोखले, निखिल घोष यांच्यासारखे त्यांचे शिष्य महाराष्ट्रात वाजवत, शिकवत राहिले. त्यामुळे खाँसाहेब उत्तरेचे असले, तरी त्यांच्या वादनाचा मोठा ठेवा आपल्याकडे आहे.

आवडत्या वादकाचं वाद्य उभं करण्याच्या बाबतीत पाश्चात्त्य ड्रमवाल्यांचं बरं चालतं. बीटल्सचा रिंगो स्टार याचा १९६३ चा लुडविग कंपनीचा ड्रमसंच २०१५ साली लिलावात सुमारे २१ लाख डॉलरला गेला. तेवढा पैसा नसलेली माणसं त्याच सालातला, त्याच मापाचा, त्याच रंगाचा दुसरा संच हुडकतात. ते जमतं, कारण ड्रम कारखान्यात बनतो. त्यावर कंपनीचा बिल्ला असतो, आत शिक्का असतो, जुनी माहितीपत्रकं अजून मिळतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट कातड्याची. १९५७ पासून ड्रमवर प्लास्टिकचं आवरण चढायला लागलं, आणि प्लास्टिक फाटलं तर त्याच कंपनीचं दुसरं आणून बसवता येतं. म्हणजे जुना मिळवायचा तो फक्त सांगाडा. सांगाडा हाती आला की बरंचसं काम झालं.

तबल्याचं नेमकं उलट आहे. सांगाडा मिळणं त्यामानानं सोपं. तबल्याचं खोड चांगल्या शिसवीचं असेल तर शंभर वर्षं सहज टिकतं. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा असेल तर त्याला पोचे पडतील, पण तो मरत नाही. आपल्या भागात गावोगावी भजनी मंडळं आहेत. त्यांच्या देवळांच्या माळ्यांवर, जुन्या वाड्यांच्या अडगळीत अशी खोडं आणि भांडी आजही निघतात. आता बऱ्याच मंडळांनी नटबोल्टचे तबले घेतले आहेत. पान्यानं पिळलं की सुरात, हातोडीची कटकट नाही. त्यामुळे जुनी जोडी बाजूला पडलेली असते.

असं खोड हाती आलं तर आधी वजन पाहावं. बाहेरून सारखीच दिसणारी दोन खोडं उचलली की फरक कळतो. मग आत हात घालावा. तबला तळापर्यंत पोकळ नसतो, खालचा भाग भरीव ठेवलेला असतो. हातानं कोरलेल्या जुन्या खोडाच्या आतल्या भिंतीवर पटाशीचे खाच बोटांना लागतात, यंत्रावर कातलेलं खोड आतून गुळगुळीत लागतं. तोंडाच्या काठाला चीर गेली आहे का, किड्यानं पोखरलंय का, आत लांबी भरून रंग मारलाय का, हे उजेडात धरून बघावं. काठाची चीर सगळ्यात वाईट. तोंडावरची कातड्याची पुडी ओढून बसवली की सगळा ताण त्या काठावरच येतो. डग्ग्याचं सोपं: वर चकचकीत मुलामा असेल तर तळाशी जरा खरवडून खाली तांबं आहे की पितळ, ते पाहावं. आणि जुनं म्हणून दुप्पट पैसे मोजायचे असतील, तर निदान तांब्याच्या वजनाएवढं तरी पदरात पडतंय ना, याची खात्री करावी.

एवढं झालं की अर्धं काम झालं असं वाटतं. खरं तर अजून सुरुवातही झालेली नसते, कारण तबला बोलतो तो पुडीतून. पुडी म्हणजे बकऱ्याचं कातडं. काठाची पट्टी ती चाट, मधला काळा गोल ती शाई, आणि या दोहोंमधली मोकळी जागा ती लव, तिलाच मैदान म्हणतात. कडेनं गजरा विणलेला असतो. त्या गजऱ्याच्या सोळा घरांतून वादी, म्हणजे कातड्याची लांब पट्टी, ओवून ती खालच्या रिंगणाला अडकवतात आणि वादीखाली आठ गठ्ठे बसवतात. हे सारं नीट असलं तरी नाद ठरतो तो शाईवर.

शाई भरणाऱ्या कारागिराजवळ तासभर उभं राहून बघण्यासारखं असतं. लोखंडाची काळी पूड खळीत कालवून केलेला लगदा तो बोटानं कातड्यावर पसरतो आणि गुळगुळीत दगडानं घासायला लागतो. एक थर वाळत आला की त्यावर दुसरा, पहिल्यापेक्षा जरा लहान. असे थरावर थर चढत जातात, म्हणून शाई मध्यभागी जाड आणि कडेला पातळ होते. दगड फिरत असतानाच तिच्यावर बारीक चिरा उठतात. नवख्या माणसाला वाटतं, बिघडलं. पण त्या चिरा हव्याच असतात. शाई अखंड राहिली तर ती कडक ढेकूळ होईल आणि कातडं लवणार नाही. चिरांमुळे तिचे कण सुटे राहतात, वजन टिकतं आणि लवचिकताही. मधूनमधून कारागीर टिचकी मारून ऐकतो आणि पुन्हा घासतो. किती घासायचं हे कुठं लिहिलेलं नसतं. डग्ग्याची शाई मध्यावर न घेता एका बाजूला सरकवतात, म्हणजे मनगट टेकायला जागा राहते आणि घुमारा दाबता-सोडता येतो.

या काळ्या टिकलीचं महत्त्व विज्ञानाच्या भाषेत सांगितलं ते भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे नाद एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोल सुरात ‘गात’ नाही. शाईच्या वजनानं कातड्याची कंपनं अशी बदलतात की वरचे नाद मूळ नादाच्या दुपटी-तिपटीत येऊन बसतात. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली ‘नेचर’मध्ये याविषयी टिपण लिहिलं आणि १९३० च्या दशकात सविस्तर प्रबंध. थिरकवा नाटकात वाजवत होते तोच हा सुमार. तबला तंबोऱ्याच्या षड्जाला मिळतो आणि गाण्याच्या खाली सुरात बोलतो, त्याचं श्रेय लाकडाला नाही, या लगद्याला आहे.

पण पुडीचं आयुष्य किती? रोज तासन्‌तास वाजवणाऱ्याच्या हाताखाली काही महिने. हौशी माणसाकडे काही वर्षं. घामानं, पावसाळी हवेनं, हातोडीच्या ठोक्यांनी ती उतरते, शाईचे कण सुटतात, मग पुडी नवी. म्हणून उद्या कुणी थिरकवांच्या हातची म्हणून एखादी जोडी दाखवली आणि ती अगदी खरी असली, तरी तिच्यावरची पुडी त्यांची नसणार. त्यांच्या हयातीतच ती कितीदा बदलली असेल!

तेव्हा आवडत्या वादकाची जोडी उभी करायची म्हणजे शेवटी कारागीर शोधायचा. तो शोध पलूसपासून लांब नाही. मिरज सतार-तंबोऱ्यासाठी नावाजलेलं, हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी तंतुवाद्यांत हात घातला तेव्हापासून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तबला करणारी घरं मात्र या कौतुकाच्या सावलीत राहिली. वास्तविक उस्ताद झाकीर हुसेन यांचे तबले दोन दशकांहून अधिक काळ ज्यांनी केले, ते हरिदास व्हटकर मिरजेच्याच तबला करणाऱ्या घरातले, तिसऱ्या पिढीचे कारागीर. नव्वदच्या दशकात ते मुंबईला गेले. जगभरच्या मैफलींत ऐकू आलेल्या नादाचं मूळ या पट्ट्यातल्या एका घरात होतं, हे इथल्या किती जणांना ठाऊक असेल?

कारागीर मिळाला, पण त्याला सांगायचं काय? नाद कसा हवा, याचा पुरावा म्हणजे जुन्या तबकड्या. तो जपून वापरावा. १९२५ च्या सुमारापर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होई, आणि त्यात खालचे नाद जवळजवळ उमटतच नसत. त्या काळच्या तबकडीवर डग्गा कोरडा वाटला, तर तो वादकाचा किंवा भांड्याचा दोष समजू नये. विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यावर घुमारा ऐकू येऊ लागला, पण तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, त्यात तबल्याला मोकळं सोडायला वाव कुठला? शिवाय वेगाचा घोळ. मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजवायची तबकडी ८० फेऱ्यांनी वाजली, तर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास निम्म्यानं सूर वर जातो. गाणाऱ्याची पट्टी उंच तर तबल्याचं तोंड लहान, हा हिशेब असल्यानं पट्टी चुकली की मापही चुकलं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नाटकगृहात तेव्हा मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेत पोचायचं ते हाताच्या जोरावर आणि चाटेच्या टणत्कारावर. आजचा वादक तबल्याच्या तोंडाशी माइक घेऊन वाजवतो, म्हणून त्याला मऊ, घुमणारी पुडी चालते. ती बंद हॉलमध्ये बिनमाइक वाजवून बघा, चौथ्या रांगेत विरते. उत्तरायुष्यातल्या खाँसाहेबांच्या एकल वादनाची मुद्रणं जास्त स्वच्छ आहेत, आणि नक्कल करणारे बहुधा तीच समोर ठेवतात. पण तो आकाशवाणीच्या खोलीतला तबला, नाटकातला नव्हे. दोन्हींतला कुठला हवा, हे आधी ठरवावं. माझं मत विचाराल तर नाटकातला. तो अवघड आहे, आणि आपल्या मातीशी त्याचंच नातं आहे.

तरीही जशीच्या तशी जोडी होणार नाही, जवळपासची होईल. ती कितपत जवळ जाईल, ते जुन्या मापांवर ठरेल, आणि ती मापं आपण रोज फेकून देतो. म्हणून पलूस, भिलवडी, अंकलखोप, कुंडल, नागठाणे इथल्या भजनी मंडळांना आणि घरांना एक विनंती. माळ्यावरचा तांब्याचा डग्गा मोडीत घालू नका. जुना तबला भरायला द्याल तेव्हा उतरवलेली पुडी कारागिराकडून मागून घ्या. तिच्या तोंडाचा, शाईचा आणि चाटेचा घेर मोजा, आणि ती कुणी, कुठं, कोणत्या साली भरली होती हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहा. तो कागद जोडीच्या पिशवीतच ठेवा.